नकाशात तारखाही घाला

नवी उपनगरं आखणाऱ्या, त्यांना मंजुरी देणाऱ्या आणि ती विकणाऱ्या सर्व संबंधितांस,

स.न.वि.वि.

तुम्ही तिघं सहसा एका टेबलाभोवती बसत नाही. आखणारा म्हणतो, माझं काम कागदावर संपलं. मंजुरी देणारा म्हणतो, कागद नियमात बसतो की नाही एवढंच मी बघतो. विकणारा म्हणतो, मंजूर झालंय तेच तर दाखवतोय. तिघांचंही खरं असतं आणि तिघांच्या मधल्या फटीत आमच्यासारखं कुटुंब सामानासकट येऊन पडतं. म्हणून हे पत्र तिघांना मिळून.

गळणाऱ्या छताबद्दल किंवा तडकलेल्या फरशीबद्दल मी लिहीत नाहीये. त्या तक्रारींची वही असते, तिच्यात त्या लिहून झाल्या आहेत. जुन्या वस्तीच्या आठवणींनी उमाळे काढायचाही विचार नाही. दाटीवाटीतून आम्ही मुद्दाम बाहेर पडलो. मुलांना पळायला जागा हवी होती, आईला जिना नको होता आणि आम्हा दोघांना रात्री खिडकी उघडी ठेवून झोपायचं होतं. यातलं बरंचसं मिळालं. पदपथ रुंद आहेत, गटारं झाकलेली आहेत, रस्त्यावरचे दिवे वेळेवर लागतात. आखीव वसाहत म्हणजे आत्मा नसलेलं सिमेंट, असं उठसूट लिहिणाऱ्यांशी माझं पटत नाही. बेशिस्त वाढलेल्या वस्तीत राहून पाहिलं की आखणीची किंमत कळते. आखणी हवीच. माझं म्हणणं एवढंच की ती अर्ध्यावर सोडली जाते. तुमच्या आराखड्यात जागा असते, काळ नसतो.

तो आराखडा जरा पुन्हा काढून समोर पसरा. शाळेचा भूखंड पिवळा, दवाखान्याचा लाल, बाग हिरवी, बसथांब्यांचे निळे ठिपके, मधोमध बाजारपेठ. सोबतच्या माहितीपुस्तिकेत झाडं दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेली, त्यांच्या सावलीत आजोबा बाकावर बसलेले, एक मुलगी सायकलवर. हे चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते बहुधा पंधरा-वीस वर्षांनंतरचं असेल. फक्त ते कोणत्या वर्षीचं, हे कोपऱ्यात कुठेही लिहिलेलं नसतं. घराच्या ताब्याची तारीख करारात असते, उशीर झाला तर भरपाईचं कलम असतं. शाळा कधी, बस कधी, दवाखाना कधी, असं विचारलं की मात्र विक्री प्रतिनिधी मोकळं हसतो आणि म्हणतो, "होईल हो, प्लॅनमध्येच आहे ना." लग्नपत्रिकेवर नावं, स्थळ, सगळं छापायचं आणि तारीखच घालायची नाही, असा हा प्रकार. आम्ही पैसे भरतो ते शेवटच्या चित्राचे आणि राहायला जातो ते पहिल्या टप्प्यात. या दोहोंच्या मध्ये जी वर्षं जातात, ती कुणाच्याच हिशेबात धरलेली नसतात.

हा प्रश्न जुना आहे, आणि सुटतच नाही असंही नाही. स्टॉकहोमच्या पश्चिमेचं व्हेलिंगबी घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वेन मार्केलियस शहराचे मुख्य नियोजनकार असताना ते आखलं गेलं. काम, घर आणि दुकानं-सोयींचं केंद्र ही तिन्ही एकाच ठिकाणी असावीत, ही त्यामागची कल्पना. जमीन शहराने कित्येक वर्षं आधीच घेऊन ठेवली होती. तिथल्या केंद्राचं उद्घाटन 1954 साली झालं, पण मेट्रो त्याच्या दोन वर्षं आधी, 1952 मध्ये पोचली होती. म्हणजे दुकानांची फीत कापायच्या आधी गाडी धावत होती. स्टेशनाजवळ उंच इमारती आणि लांब जावं तशी बुटकी घरं, ही रचना आज सगळेच उचलतात. गाडी आधी आणायची, हा भाग उचलायला मात्र विसरतात.

आता टोकियोच्या पश्चिमेचं तामा नवनगर बघा. पहिले रहिवासी 1971 मध्ये आले, रेल्वे 1974 मध्ये. ही जपानी रेल्वेची गोष्ट आहे, जिच्या वक्तशीरपणाचे दाखले जगभर देतात! तोवर बसने दुसऱ्या मार्गावरच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि तिथून पुढे. आराखडा उत्तम होता, पैसा होता, सरकार मागे उभं होतं. फक्त क्रम चुकला. तीन वर्षं ही आखणाऱ्याच्या दृष्टीने तळटीप असते. घरात तेवढ्या काळात पाळण्यातलं मूल बालवाडीत जातं.

इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजचंही तेच. 1946 चा नवनगर कायदा झाला आणि त्याखाली जाहीर झालेलं ते पहिलं नगर. तिथलं केंद्र मोटारींना बंदी असलेलं, लोकांनी निवांत चालत फिरावं असं, आणि त्याचं कौतुकही खूप झालं. राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं ते 1959 साली. त्याआधीची कित्येक वर्षं नव्या घरांमध्ये माणसं राहतच होती की.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढं मोठं काम म्हटल्यावर मागेपुढे होणारच. होऊ दे. पण जे मागे पडतं ते नेहमी एकाच बाजूचं कसं? क्लब हाउस वेळेवर होतं, प्रवेशद्वाराची कमान तर घरांच्याही आधी उभी राहते, कारंजं सुरू असतं. विक्रीला जे उपयोगी पडतं ते आधी होतं, राहण्याला जे लागतं ते नंतर. हा योगायोग नव्हे. क्रम तुम्ही ठरवता, फक्त तो लिहून ठेवत नाही.

मुलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवं घर घेण्यामागे सगळ्यात पुढे करतात ती मुलंच.

अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये शेजार-घटकाची जी कल्पना मांडली, तिच्यात प्राथमिक शाळा मधोमध होती. एका शाळेला पुरतील एवढ्या मुलांची वस्ती म्हणजे एक शेजार. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जाणार, आतून नाही. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न हे नवं नगर उभं राहत होतं. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी तिथे चालण्याच्या वाटा मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या काढल्या. मुलाला रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावं, हा हेतू. पुढे मंदीने ते नगर पुरं होऊ दिलं नाही, पण कल्पना मात्र जगभर गेली. तुमच्याही आराखड्यात ती आली आहे. "शाळा चालत पाच मिनिटांवर" हे वाक्य तिचंच दूरचं नातवंड.

आमच्या इथली ती पाच मिनिटं कशी आहेत ते सांगतो. शाळा खरोखरच जवळ आहे. गच्चीवरून तिचा झेंड्याचा खांब दिसतो. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर अंतर चारशे मीटरही भरणार नाही. पण मध्ये दुसऱ्या टप्प्याची कुंपणभिंत आहे. तिला फाटक ठेवलेलं आहे आणि फाटकाला कुलूप आहे, कारण दुसरा टप्पा अजून झालेला नाही. मग मुलं मुख्य दरवाज्याने बाहेर पडतात, पत्र्यांच्या आडोशाच्या कडेने जातात. पदपथ त्या पत्र्यांच्या आत गेलेला, म्हणून चालायचं डांबरावरूनच. डंपर मागे येताना टीटी करतो, धाकटा लगेच थोरलीच्या दप्तराचा पट्टा धरतो. पावसाळ्यात तिथे फळी टाकतात. ती फळी कुणी टाकली हे कुणालाच माहीत नाही, पण सगळ्या वसाहतीत आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेलं बांधकाम तेच. परिणाम काय, तर बहुतेक आईबाप मुलांना गाडीत घालून सोडतात. गाड्या वाढल्या म्हणून रस्ता आणखी धोक्याचा होतो आणि उरलेलेही गाडी काढतात. पट्टीने मोजलेलं अंतर आणि पायाने कापलेलं अंतर यातला फरक मंजुरीच्या वेळी कुणीतरी स्वतः चालून बघायला हवा. त्याला खर्च काहीच नाही, एक चप्पल झिजेल फार तर.

लहानांचं निदान कुणीतरी बघतं. घसरगुंडी, झोपाळे, रबरी फरशी वेळेवर येतात, पुस्तिकेत फोटो द्यायचा असतो ना. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं कुणीच बघत नाही. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सात-आठ मुलंमुली पंपघराच्या कट्ट्यावर बसतात. तिथेच का? दिवा आहे, कट्टा बसण्याजोगा उंच आहे आणि कुणाच्या खिडकीखाली येत नाही. आठ वाजता सुरक्षारक्षक येतो आणि शिट्टी मारतो. त्याचा तरी काय दोष, त्याला वरून तसं सांगितलेलं असतं. मुलं उठून दुसऱ्या दिव्याखाली जातात. तिथेही शिट्टी. मग घरी येऊन दार आपटतात आणि मोबाइल घेऊन बसतात, आणि आपण म्हणायचं, हल्लीची मुलं घराबाहेर पडत नाहीत.

हर्बर्ट गॅन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने हेच फार पूर्वी नोंदवलं आहे. 1958 मध्ये न्यू जर्सीतल्या नव्या लेव्हिटटाउनमध्ये, म्हणजे लेव्हिट कंपनीने एकाच साच्याची घरं घाऊक बांधून उभारलेल्या उपनगरांपैकी एकात, त्याने इतरांसारखंच घर घेतलं आणि दोनेक वर्षं तिथे राहून शेजाऱ्यांचा अभ्यास केला. अशा वसाहतींत माणसं एकसाची आणि कंटाळवाणी होतात, असं शहरातले शहाणे तेव्हा म्हणायचे. गॅन्सला तसं आढळलं नाही. बहुतेक कुटुंबं तिथे येऊन खूश होती. नाराज होती ती मुख्यतः वयात आलेली मुलं. त्यांना जायला ठिकाणच नव्हतं. इतक्या वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष, आणि आपल्या आराखड्याच्या सूचीत "किशोरवयीन" हा शब्द अजून आलेला नाही. वाचनालयाचा भूखंड आहे, तो चौथ्या टप्प्यात. आमची थोरली तोवर मतदान करत असेल.

वयाचाच आणखी एक गुंता तुमच्या कोष्टकात बसत नाही. नव्या वसाहतीत सगळे एकदम येतात आणि बहुतेक एकाच वयाचे असतात. नवं लग्न, एखादं मूल, डोक्यावर कर्ज. इंग्लंडमधल्या हार्लोला सुरुवातीच्या काळात लोक बाबागाड्यांचं गाव म्हणायचे, इतकी तान्ही मुलं तिथे होती. अशा ठिकाणी आधी बालवाडी अपुरी पडते, मग प्राथमिक शाळा, मग माध्यमिक. लाट पुढे सरकते आणि मागे रिकामे वर्ग सोडून जाते. तामामध्ये हेच झालं. एकाच काळात आलेली माणसं एकाच काळात म्हातारी झाली, मुलं बाहेर पडली, शाळा बंद कराव्या लागल्या. लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतींमध्ये वरच्या मजल्यावरचे आजीआजोबा अडकून पडले. तरुण जोडप्यांसाठी बांधताना जिन्याचं काही वाटलं नसेल, कारण बांधणाऱ्यासमोर तिशीतलं गिऱ्हाईक उभं होतं. त्याची साठी कुणी काढलीच नाही.

याला उपाय आहे. एकाच गल्लीत लहान, मध्यम, मोठी अशी मिसळलेली घरं हवीत. काही भाड्याची, काही मालकीची. आज तुम्ही दोन खोल्यांच्या इमारती एका टोकाला बांधता आणि प्रशस्त घरं दुसऱ्या टोकाला, विक्रीला सोपं पडतं म्हणून. त्यामुळे माणसाची गरज बदलली की त्याला वसाहतच सोडावी लागते. घरं मिसळलेली असतील तर म्हातारी माणसं मुलाच्या घरापासून चार दारं पलीकडे छोटं घर घेऊ शकतात. रोज येणंजाणं राहतं, आणि रोज एकमेकांच्या पायातही येत नाहीत. (याचं महत्त्व सासूसुनांना विचारा, नियोजनकारांना नको.)

लंडनच्या ईस्ट एंड या जुन्या कामगारवस्तीतून बाहेरच्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास मायकेल यंग आणि पीटर विलमॉट या समाजशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात केला. घरं चांगली मिळाली, नळ घरात आला, बाग आली. पण आधी माय आणि लेक एकमेकींकडे दिवसाआड डोकावायच्या, ते बंद झालं. मूल आजारी पडलं तर कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहिला. आमची आई आमच्याबरोबर आली, म्हणून आमचं त्या बाबतीत निभावलं. पण तिची माणसं मागे राहिली. तिला इथे कुणी ओळखत नाही, आणि ओळख होण्यासाठी लागणारी फुटकळ निमित्तंही नाहीत. दुकान नाही, कारण सामान घरपोच येतं. बस नाही. टपाल इमारतीच्या खालच्या पेटीत पडतं आणि सुरक्षारक्षक वर आणून देतो. सेवा उत्तम आहे, माणूस मात्र घराबाहेर पडत नाही. अमेरिकेतल्या कोलंबियात, 1967 साली जेम्स राउज यांनी सुरू केलेल्या नगरात, टपालपेट्या दारोदारी न लावता मुद्दाम गटागटाने एकत्र ठेवल्या होत्या, पत्र घ्यायला आलेली माणसं निदान एकमेकांना दिसावीत म्हणून. साधी गोष्ट आहे. पण कुणीतरी तिचा विचार केला, ती आराखड्यात लिहिली आणि बांधून घेतली.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नवनगरात तर विकास महामंडळाने नव्याने येणाऱ्या घरांना भेटी देण्यासाठी माणसं नेमली होती. दार वाजवायचं, डॉक्टर कुठे, शाळेत नाव कसं घालायचं, शेजारी कोण, हे सांगायचं. आम्हाला ताबा मिळाला तेव्हा किल्ल्या, मीटरचे आकडे आणि नियमावली मिळाली. नियमावली जाड होती.

त्या नियमावलीबद्दल दोन शब्द बोलतोच. नियमांना टप्पे नसतात, ते पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालू असतात. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवायचं नाही, जाळीचा रंग ठरलेलाच हवा. ही खोडही जुनीच. न्यूयॉर्कजवळचं पहिलं लेव्हिटटाउन 1947 मध्ये सुरू झालं, तिथे कुंपण घालायला आणि शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळवायला मनाई होती. त्याच कागदपत्रांत गोऱ्या वंशाखेरीज इतरांनी तिथे राहू नये असंही कलम होतं. घरकामाला येणाऱ्यांची तेवढी सूट. म्हणून नियमावली हातात पडली की मी आधी बघतो ती कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते. घरकामाला येणाऱ्या बायकांनी मागच्या फाटकाने यावं, असा नियम आमच्याकडेही काही दिवस होता. काही रहिवाशांनी आवाज उठवला, मग तो गेला.

आता तुमच्या बाजूचं. गिऱ्हाईक नसताना दुकानदार येत नाही, प्रवासी नसताना बस परवडत नाही, मुलं नसताना शाळा चालत नाही. आधी माणसं येऊ द्या, मग सोयी येतील. आणि सोयी नाहीत म्हणून माणसं येत नाहीत. आधी कोंबडी की आधी अंडं, हे मलाही कळतं. म्हणजे पहिली काही वर्षं कुणाला तरी तोटा सोसावाच लागणार. प्रश्न एवढाच, की कुणी? आज तो आम्ही सोसतो, दुसरी गाडी घेऊन, रोजचे तास रस्त्यात घालवून, दोघांपैकी एकाची नोकरी अर्धवेळ करून. ती कुणाची होते, सांगायला हवं का? हा खर्च कुठल्याच प्रकल्प-अहवालात येत नाही, म्हणून तो झालाच नाही असं धरून चालतात.

आणि त्या तोट्याचं फळ कुणाला मिळतं? पहिल्या टप्प्यातली माणसं चिखलातून ये-जा करतात, खिडक्यांत दिवे लावतात, झाडांना पाणी घालतात. वसाहत जिवंत दिसू लागते. मग दुसऱ्या टप्प्याचा भाव वाढतो. वाढलेला भाव आमच्या राहण्यातून आला आणि गेला विकणाऱ्याच्या खिशात. एबनेझर हॉवर्ड या इंग्रज विचारवंताने 1898 मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली, तेव्हा त्याचा मुख्य मुद्दा झाडांचा नव्हताच. माणसं राहायला आल्याने जमिनीची किंमत वाढते, तर ती वाढ त्या नगराच्याच कामी यावी, असं तो म्हणत होता. सुमारे 6,000 एकरांवर 32,000 माणसांचं नगर आणि जमीन सगळ्यांच्या वतीने एका संस्थेकडे. इंग्लंडमधल्या लेचवर्थला 1903 मध्ये त्याची सुरुवात झाली आणि तिथल्या मालमत्तेचं उत्पन्न आजही एका प्रतिष्ठानामार्फत नगरावर खर्च होतं. तुम्ही हॉवर्डच्या बागा घेतल्या, नावात "गार्डन सिटी"ही लावलंत. त्याची जमाखर्चाची वही तेवढी मागे राहिली.

तर मागणी अशी. आराखड्यातल्या प्रत्येक सुविधेपुढे तारीख लिहा. तारीख देता येत नसेल तर अट लिहा, म्हणजे अमुक इतकी घरं भरली की शाळा सुरू, तमुक इतकी भरली की दवाखाना. हे काही स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 106 खाली असे करार होतात. किती घरांत माणसं राहायला येण्याआधी काय झालं पाहिजे, ते त्यांत लिहिलेलं असतं. तेही सगळीकडे काटेकोर पाळले जातात असं नाही, पण निदान बोट ठेवायला ओळ असते. आपल्याकडे ओळच नाही, तर बोट कुठे ठेवणार?

पुढच्या टप्प्याची परवानगी मागच्या टप्प्यातल्या सुविधांना बांधा. शाळा सुरू झाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याची विक्री नाही, एवढं एक वाक्य मंजुरीच्या पत्रात टाकलं तर उरलेलं पत्र मला लिहावं लागलं नसतं. सुविधेसाठीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि ते खातं रहिवाशांना बघता येऊ द्या. कायमची इमारत होईपर्यंत तात्पुरती सोय करा. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत बालवाडी, आठवड्यातून काही दिवस येणारा डॉक्टर, पहिल्या कुटुंबाच्या ताब्यापासून ठरल्या वेळी सुटणारी बस, मग तिच्यात चारच माणसं का असेनात. रिकामी बस दिसायला वाईट दिसते हे मान्य. पण माणसाने एकदा दुसरी गाडी घेतली की वर्षभराने आलेल्या बसकडे तो वळून बघत नाही. सवयी पहिल्याच महिन्यांत पडतात, त्या नंतर मोडणं महागात जातं.

पत्रे आणि आडोसे लावायच्या परवानगीत चालण्याची सुरक्षित वाट अनिवार्य करा. आमच्या फाटकाचं कुलूप आजही काढता येईल, त्यासाठी कुठलाही टप्पा पुरा व्हावा लागत नाही.

देखभालीच्या हस्तांतराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. सगळे पंप, सगळ्या लिफ्ट, सगळं वॉटरप्रूफिंग एकाच वेळी बसवलेलं असतं, म्हणून ते दुरुस्तीलाही जवळपास एकाच वेळी येणार. तोवर विकासक हात झटकून गेलेला असतो आणि वसाहत रहिवाशांच्या समितीकडे आलेली असते, जिच्यात हिशेब कळणारे दोन आणि भांडणारे वीस. कोणत्या यंत्राचं आयुष्य किती आणि त्यासाठी दरवर्षी किती बाजूला टाकायला हवेत, याचा तक्ता ताब्याच्या दिवशीच द्या. सुरुवातीचं देखभाल शुल्क कमी दाखवून घरं खपवायची आणि पुढे ते दुप्पट झालं की समितीला शिव्या खाऊ द्यायच्या, हे बंद करा.

यातलं काहीही मान्य नसेल तर तसंही सांगा. पण विक्री कार्यालयात, नमुना घराच्या दाराशेजारी, एक साधा फलक लावा. आज काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते कधी होणार, किंवा कधी होणार हे आम्हाला माहीत नाही. येणारं कुटुंब तो वाचेल आणि त्याचं ते ठरवेल. काही जण तरीही येतील. आम्हीही बहुधा आलोच असतो, फक्त थोरलीची शाळा दोन वर्षं तीच ठेवली असती.

कळावे, लोभ असावा.

पहिल्या टप्प्यातला एक रहिवासी

ता.क. : बागेतले बाक दिसायला छान आहेत, पण त्यांना पाठही नाही आणि हातही नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अशा बाकावर बसता येतं, उठता येत नाही. म्हणून आई तिथे जातच नाही. हात बसवून द्यावेत. वेल्डर आवारातच आहे, दुसऱ्या टप्प्याच्या कमानीचं काम करतोय.